चौकोनी मोर

पसारा विकणारी कंपनी आणि पसारा आवरायचे डबे विकणारी कंपनी एकत्र आल्या तर खड्ड्यात कोण जाणार? आईबाप, दुसरं कोण! डेन्मार्कची लेगो आणि स्वीडनची आयकिया यांनी २०२० च्या ऑक्टोबरात नेमकं हेच केलं. दोघींनी मिळून 'बिगलेक' नावाचे पांढरे डबे बाजारात आणले. दिसायला साधे, पण झाकणावर लेगोच्या ठोकळ्यांवर असतात तसेच गोल खुंट. खेळून झालं की ठोकळे डब्यात भरायचे, झाकण लावायचं आणि त्याच झाकणावर पुन्हा घर बांधायला घ्यायचं. म्हणजे आवरता आवरता पसारा चालूच. रात्री पाणी प्यायला उठलेल्या बापाच्या तळपायात जो ठोकळा रुततो, तो ज्यांनी विकला त्यांच्याच नावाचा डबा त्यानं बंदोबस्तासाठी विकत आणायचा. आमच्या सोलापूरच्या चाटी गल्लीतले व्यापारी काही कमी बेरकी नाहीत, पण ही युक्ती त्यांनाही सुचली नव्हती.

सोलापूरकराला आयकिया तशी परकी नाही. भारतातलं तिचं पहिलं दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला निघालं, आणि आमच्या पूर्व भागातल्या बहुतेक घरांची सोयरीक तेलंगणात. लग्नाला गेलेलं वऱ्हाड पूर्वी चारमिनार आणि सालारजंग म्युझियम बघून परतायचं. आता त्या यादीत आयकिया आलीय. माझा भाचा तिकडेच नोकरीला असतो. "मामा, चला, फिरवून आणतो," म्हणाला. मला वाटलं बाग वगैरे असेल.

चार लाख चौरस फुटांचं ते दुकान आणि आत एका वेळी हजार माणसं जेवतील एवढी खानावळ. खोल्या मांडून ठेवलेल्या. पलंग आहे, पलंगावर उशी आहे, उशाशी दिवा आहे, राहणारं मात्र कुणी नाही. लोक त्या सोफ्यांवर असे टेकत होते, जणू सासुरवाडीला आलेत. एक काका तर डोळे मिटून पडले होते आणि त्यांची मंडळी शेजारी उभी राहून "उठा आता, लोक बघताहेत" म्हणत होती. लहान मुलांच्या भागात खेळण्यातलं स्वयंपाकघर होतं. ओटा, शेगडी, सिंक, वर भांड्यांसाठी फळी. भाचेसून बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या खऱ्या ओट्याला एवढे कप्पे नाहीत हो." तिची सहा वर्षांची लेक मात्र त्या ओट्याकडे ढुंकूनही न बघता सामानाच्या ढकलगाडीत बसायला धडपडत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिथून एक लिंबू पिळायचं यंत्र घेतलं. फिरणं, जेवण आणि लिंबू, एवढ्यावर आयकियातून सुखरूप बाहेर पडलो.

आता हे डब्यांपर्यंत ठीक आहे हो. डबा निदान उपयोगाचा. पण खेळणीवाल्यांनी एकदा दुसऱ्याच्या घरात पाय ठेवल्यावर ते फर्निचरपाशी थांबले नाहीत, थेट कपड्यांच्या कपाटात शिरले. त्याच २०२० साली लेगोनं लिव्हाइसबरोबर जीनची जाकिटं काढली. जाकिटावर मऊ सिलिकोनची पट्टी आणि तिच्यावर चिकटवायला रंगीत टिकल्या. आदिदासबरोबर ठोकळ्यांच्या रंगांचे बूट काढले. २०२१ मध्ये तर कहरच झाला. हॉट व्हील्सची तळहातावर मावणारी मोटार गुच्ची या इटालियन घराण्यानं आपल्या शंभरीनिमित्त काढली. जुन्या कॅडिलॅकची नक्कल, वर गुच्चीची नक्षी, किंमत १२० डॉलर. तेव्हाच्या भावानं नऊ हजारांच्या आसपास. एवढ्या पैशात आमच्याकडे चांगल्या स्थितीतली जुनी लुना मिळाली असती, आणि ती चाललीही असती. मग बार्बीचा सिनेमा आला त्या २०२३ साली झारापासून क्रॉक्सपर्यंत सगळ्यांनी गुलाबी रंगाची होळी खेळून घेतली.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट फार मजेशीर वाटते. ह्यातलं काहीच पोरांनी मागितलेलं नाही. नऊ हजारांची मोटार घेणारा माणूस ती फरशीवर घरंगळवणार नाही, काचेच्या कपाटात ठेवणार. टिकल्यांचं जाकीट घालून कुणी मातीत लोळणार नाही. लबूबू नावाचं ते दात विचकणारं केसाळ भूत मुलांच्या हातात कमी आणि बायकांच्या महागड्या पर्सांना लटकलेलं जास्त दिसतं. २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढं एक लबूबू दहा लाख युआनच्या वर गेलं. ते घेणाऱ्याच्या घरी नातवंडं असतील तर त्यांना त्या खोलीत जायची परवानगी असेल, असं मला वाटत नाही. खेळणं मोठ्या माणसांनी पळवलं आणि वर त्याला खेळायचीही बंदी केली, असा हा सगळा मामला आहे.

अर्थात मोठ्यांनी खेळणी पळवणं आपल्याला नवं नाही. रुखवत म्हणजे दुसरं काय असतं? सुपारीचे भटजी, लोकरीची कुत्री, काड्यापेट्यांचा सोफासेट, आणि मांडवात आलेलं पोर त्याला हात लावायला गेलं की मावशीचा धपाटा. आणि खेळणी-फर्निचरची सोयरीक तरी नवी कुठे आहे? बार्बीचंच घ्या. मॅटेल ही कंपनी १९४५ साली कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजात सुरू झाली ती खेळण्यांसाठी नव्हे, तसबिरींच्या चौकटी करायला. चौकटीतून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांचं करायचं काय, म्हणून बाहुलीच्या घरातल्या खुर्च्या-टेबलं केली. ती चौकटींपेक्षा जास्त खपली. बार्बी आली पुढे १९५९ मध्ये. म्हणजे बाहुलीच्या आधी तिचं फर्निचर तयार होतं. लेगोचंही तेच. बिलुंड गावचे ओले कर्क क्रिस्तियानसेन हे मुळात सुतार. १९३२ च्या मंदीत घरं बांधून घेणारं गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून घडवंच्या आणि इस्त्रीच्या फळ्या करता करता लाकडी खेळणी करू लागले. प्लॅस्टिकचा ठोकळा आज आहे तसा १९५८ साली ठरला, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आमच्याकडे एकाच मिस्त्रीनं बसवलेल्या दोन खिडक्यांचे गज एकमेकांना जुळत नाहीत!

तेव्हा खेळणं आणि फर्निचर एकत्र आलं म्हणून टाळ्या वाजवायच्या, तर त्या आधी सावंतवाडीत वाजवायला हव्यात. तिथल्या चितारआळीत जो हात लाकडाचा आंबा रंगवतो, तोच हात पाट, चौरंग आणि देव्हारा रंगवतो. वेगळी कंपनी नाही, करार नाही, प्रसिद्धीपत्रक नाही. एकाच पडवीत एका बाजूला भाजी-फळं सुकत पडलेली आणि दुसऱ्या बाजूला मुंजीचे पाट. भातुकलीही तशीच. खरी पातेली ठोकणाऱ्यानंच उरल्या पत्र्यातून छोटी पातेली ठोकली. खेळातली भांडी म्हणून त्यानं कल्हई कमी केली नाही.

सोलापुरात मात्र हे सगळं वर्षातून एकदा, गड्ड्याच्या यात्रेत बघायला मिळतं. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात आणि होम मैदानावर पाळणे फिरायला लागतात. तिथे खेळण्यांच्या दुकानांत जगातल्या सगळ्या कंपन्यांनी एकमेकींशी बिनबोभाट तह केलेला असतो. सुपरमॅनच्या मोटारीत स्पायडरमॅन बसलेला. बार्बीच्या खोक्यावर नावात एक अक्षर जास्त आणि आतल्या बाहुलीला नऊवारी. लबूबूला सांताक्लॉजची टोपी. एका दुकानात मी स्पायडरमॅनला मिशा बघितल्या.

"हे काय बे, ह्याला मिशा कुठून आल्या?" मी विचारलं.

"साचा दुसऱ्याचा हाय काका, रंग ह्याचा मारलाय. पोरं काय बघत न्हाईत, घेतेत की!"

इतका रोखठोक खुलासा कुठल्याही कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात मी वाचलेला नाही.

आणि आता चादरीकडे येतो, कारण सोलापूरच्या माणसाचं कुठलंही बोलणं शेवटी चादरीवरच येतं. जुन्या जॅकार्ड मागावर चादर कशी निघते ते पूर्व भागातल्या एका कारखान्यात मी जवळून बघितलंय. आधी डिझाईन काढणारा माणूस चौकटींच्या कागदावर मोर काढतो. म्हणजे रेघ ओढत नाही, चौकोन भरतो. हा भरला, हा सोडला, हे तीन भरले. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. अशा शेकडो पट्ट्या दोऱ्यानं ओवून मागाच्या डोक्यावर माळेसारख्या टांगतात. मग माग खडखडायला लागला की एकेक पट्टी पुढे सरकते. जिथे भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि खालून मोर हळूहळू शेपटीकडून उगवत येतो. फ्रान्सातल्या जाकारनं १८०४ साली काढलेली ही करामत. आता बऱ्याच ठिकाणी भोकांचं काम कॉम्प्युटर करतो, पण चौकोन भरण्यातून कॉम्प्युटरचीही सुटका नाही.

तुमच्या घरातल्या चादरीवरचा मोर नाकाजवळ धरून बघा. त्याची मान गोल नाही, पायऱ्यापायऱ्यांची आहे. पंखातला डोळाही चौकोनी. आणि लेगोच्या ठोकळ्यांचा मोर केला तर तोही अगदी असाच दिसेल, मान पायऱ्यांची, डोळा चौकोनी. बिलुंडचा आणि सोलापूरचा मोर एकाच अंड्यातून निघालेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही! आम्ही लहानपणी उगाच नाही त्या चादरीवर खेळायचो. काठाच्या पट्ट्या म्हणजे रस्ता, त्यावरून काड्यापेटीची गाडी. मधलं मोठं फूल म्हणजे पार्क चौक. मोराच्या मानेवरून गाडी चढवायची तर पायरीपायरीनं घाट घ्यावा लागे.

आता मला सांगा, ही चादर भौगोलिक मानांकन मिळवणारी महाराष्ट्रातली पहिली वस्तू. तिची जाकिटं होतात, पिशव्या होतात, टेरी टॉवेलांवर अस्वलं आणि ससे विणून होतात, भिंतीवर लावायच्या तसबिरीसुद्धा इथल्या मागावर विणल्या जातात. पण जगातली एकही खेळण्याची कंपनी आमच्या अशोक चौकात उतरली नाही. आमच्याशी हातमिळवणी केली ती फक्त पानिपतनं, तीही आम्हाला न विचारता. तिथल्या यंत्रांवर स्वस्तातल्या चादरी निघतात आणि मुंबईच्या फुटपाथवर 'सोलापुरी, सोलापुरी' म्हणून खपतात. नाव आमचं, गल्ला त्यांचा. १७६१ चं आम्ही विसरत आणलं होतं. गड्ड्यावरच्या मिशीवाल्या स्पायडरमॅनला हसलो, पण आपल्याच मोराची नक्कल झाली की हसू येत नाही.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे, फुकट आहे, कुणीही उचलावा. लेगोसाठी सोलापुरी चादर काढायची. तिच्यावर मोर, हत्ती, कमळ, सगळं चौकोनांत. चौकोनाचा आकार ठोकळ्याएवढा, म्हणजे पोरानं चादरीवरच्या मोरावर ठोकळे मांडत जायचे. कागद नको, पुस्तिका नको, नकाशा अंथरलेलाच आहे. आणि खेळ संपला की आईनं चादरीची चार टोकं उचलायची आणि गाठ मारायची. झालं गाठोडं. एक ठोकळा बाहेर राहणार नाही, बापाचा तळपाय सुरक्षित, पांढऱ्या डब्यांचा खर्च वाचला. चादर मळली तर धुवायची, डबा फुटला तर काय करणार? शिवाय थंडीत पांघरता येते. आयकियाच्या कुठल्या डब्याची ही हिंमत आहे?

भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, त्यांना मेल करायला पाहिजे, त्यांचा त्यासाठी वेगळा विभाग असतो." असेल. पण मेलला मोराची मान कळत नाही, चादर हातात घ्यावी लागते. तेव्हा आमच्या कारखानदार मंडळींना हात जोडून एवढंच सांगणं आहे: चांगल्या वजनाची, पक्क्या रंगाची एक चादर निवडा, नीट घडी घाला, सोबत एका पिशवीत थोडे ठोकळे ठेवा आणि मुख्य पोस्टातून डेन्मार्कला, बिलुंडच्या पत्त्यावर पाठवून द्या. पैसे कमी पडले तर वर्गणीत माझं नाव लिहा. फक्त हे पानिपतवाल्यांच्या आधी करा.