थरथर

बाण 'सबमिट'पाशी जायचा, थबकायचा आणि पायाखाली विस्तव आल्यासारखा उडून 'कॅन्सल'वर जाऊन बसायचा. पेन्शनचा फॉर्म असा तीनदा हुकला.

"माउस बिघडलाय का हो?" हिनं आतून विचारलं.

"ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो.

मला संगणकातलं कळतं, अशी आमच्या सोसायटीत समजूत आहे. ती मीच पसरवली आहे. लाइटबिल भरण्यापासून प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापर्यंत सगळ्या मजल्यांवरून मला बोलावणं येतं. अशा माणसाला "काय झालंय कळत नाही" म्हणायची सोय नसते. म्हणून मी ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. व्हायरस शोधला. माउसचा इवलासा रिसीव्हर हार्डडिस्कच्या शेजारून काढून लांबच्या पोर्टात लावला, कारण यूएसबी ३.० वायरलेस माउसच्या २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये लुडबुड करू शकतं. हे हिला ऐकवायची संधीही सोडली नाही. शेवटी पेन्सिल सेल बदलला. घरात नवा नव्हता, म्हणून हॉलमधल्या घड्याळाचा काढला. घड्याळ सव्वाअकराला थांबलं, बाण काही थांबेना.

गोळीवाल्या माउसच्या काळी असं नव्हतं. ऑफिसातली संगणकाची खोली एसी, चपला दाराबाहेर, माउसवर घडी घातलेला रुमाल. बाण अडखळला की माउस उताणा करायचा, खालची चकती फिरवायची, रबरी गोळी तळहातावर घ्यायची (चांगली जड असे) आणि आतल्या रुळांना चिकटलेला मळ पिनेनं खरवडायचा. काळपट, चिवट वळीच असे ती. अख्खी एका ओढीत निघाली तर कान कोरल्याचं सुख! आमचे हेडक्लार्क जेवणानंतर बडीशेपेऐवजी हेच करत. माउस बिघडलेला नसला तरी करत. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ मध्ये पहिला माउस झाला, तो तर लाकडी होता आणि खाली दोन चाकं, म्हणजे बैलगाडीच. आताच्या माउसच्या पोटात कॅमेरा असतो. तो टेबलाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो, ते एकमेकांशी ताडतो आणि त्यावरून बाण सरकवतो. खरवडायला म्हणून काही ठेवलंच नाही.

पण मी इतका वेळ ड्रायव्हरच्या मागे का लागलो होतो, ते हिला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, माझाच हात थरथरतोय.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. बशीत चहा ओतताना कपाची कड बशीवर किणकिण वाजायची. ते कपाला नावं ठेवायचे. पुढे पुढे "अर्धाच कप दे" म्हणू लागले. आम्हाला वाटलं, चहा कमी केलाय.

तिसऱ्या दिवशी पहाटे, ही झोपलेली असताना, मी माउसवरचा हात उचलला. दोन्ही हात मांडीखाली दाबून पडद्याकडे बघत बसलो. बाण थरथरतच होता. यंत्र बिघडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

सकाळी हिनं माउस उताणा केला, चष्मा कपाळावर चढवून त्या भोकात डोकावून पाहिलं आणि भुवयांच्या चिमट्यानं एक केस ओढून काढला. कॅमेऱ्याच्या तोंडाशीच आडवा पडला होता. खिडकीच्या उजेडात तिनं तो धरला. बोटाच्या दोन पेरांएवढा. शेंड्याकडे काळाभोर, बुडाशी पांढराशुभ्र.

"हा घ्या तुमचा ड्रायव्हर," ही म्हणाली. "आणि कलप लावायला झालाय."

तेव्हा मंडळी, बाण थरथरायला लागला तर आधी माउसवरचा हात उचलून बघा. थरथर चालूच राहिली, तर माउस उताणा करा. थांबली, तर डॉक्टरकडे जा. कपाला नावं ठेवू नका.