भोगवटादार वर्ग दोन

माझ्या बाबांची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. त्यामुळे जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात असं त्यांचं ठाम मत आहे: ज्यांच्या कागदावर आपलं नाव आहे त्या, आणि ज्यांच्या कागदावर दुसऱ्याचं आहे त्या. मी मात्र गेली कित्येक वर्षं अशा वस्तूंवर पैसे घालतो आहे, ज्यांना कागदच नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या जिवाला लागलेली ही एकच काळजी. रक्तातली साखर धरली तर दोन.

वस्तू म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम. दुकानाचं नाव स्टीम, पत्ता अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य, गाव बेलव्ह्यू. दुकानाला शटर नाही, गल्ला नाही, आणि 'आज रोख उद्या उधार' अशी पाटीही नाही.

आमच्या पिढीला गेम विकत घेण्याचं वळण नव्हतं. आम्ही गेम 'आणायचो', आणि आणायचो ते नागपूरच्या बर्डीवरून. मेन रोडच्या फुटपाथवर पट्टे, गॉगल, मोबाइलची कव्हरं यांच्या शेजारी डीव्हीडीच्या चळती मांडलेल्या असत. कव्हरवर व्हाइस सिटीतल्या टॉमीचा फुलाफुलांचा शर्ट, आणि आत मॅक्स पेन हा दुसराच गेम निघण्याची पूर्ण शक्यता. एका डीव्हीडीत दहा गेम. 'चालते ना भाऊ?' असं विचारलं की विक्रेता न बघता सांगायचा, 'नाही चालली तं आणजो, बदलून देतो.' आणि खरोखर द्यायचा. बदलून मिळालेली डीव्हीडीही चालायची नाही, पण माणसाच्या वागण्यात खोट नव्हती.

घरी आल्यावर खरा विधी सुरू होई. आधी अँटिव्हायरस बंद करायचा. मग इन्स्टॉल करायचं, पण उघडायचं नाही. क्रॅक नावाच्या फोल्डरमधली फाइल उचलून प्रोग्राम फाइल्समध्ये नेऊन टाकायची आणि कॉम्प्युटरने 'जुनी फाइल काढून टाकू का?' विचारलं की हो म्हणायचं. कधी सीरियल नंबर लागला, तर कीजेन नावाची एक चिमुकली खिडकी उघडायची. त्यातून असं काही संगीत वाजे की बटण दाबायचं सोडून आम्ही ते ऐकतच बसायचो. वर्गात ज्याचा शेवटून पहिला नंबर होता, तो हा विधी करण्यात शहराच्या पश्चिम भागात प्रसिद्ध होता. त्याला पोह्यांवर बोलावलं जाई.

व्हाइस सिटीने आमच्या इंग्रजीवर जे उपकार केले, ते कुठल्याही क्लासने केले नाहीत. 'लीव्ह मी अलोन' हे शब्द मधे जागा न सोडता, कीबोर्डकडे न बघता आमच्यातलं प्रत्येक पोट्टं टाइप करू शकत होतं, कारण ते टाइप केलं की मागे लागलेले पोलीस निघून जात. प्रत्यक्षात हा कोड चालत नाही हे पुढे हेल्मेटसक्तीच्या काळात व्हरायटी चौकात आमच्या अख्ख्या पिढीला एकदमच कळलं.

हा सगळा चोरीचा माल होता, आणि हे आम्हाला माहीत होतं. अस्सल माल कुठे मिळतो हे मात्र माहीत नव्हतं. स्टीमचे गेब नेवेल २०११ मध्ये म्हणाले होते की लोक गेम चोरतात ते किमतीपायी नव्हे, तर सेवा धड मिळत नाही म्हणून. माणूस हुशार आहे, पण त्यांना बर्डीचा भाव ठाऊक नव्हता. पोलंडमध्येही आमच्यासारखंच होतं. वॉर्साच्या कॉम्प्युटर बाजारात गेमच्या सीडी विकणाऱ्या दोन तरुणांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली, पुढे 'विचर'सारखा जगभर गाजलेला गेम केला आणि २००८ मध्ये गॉग हे स्वतःचं ऑनलाइन दुकानही टाकलं. आमच्या बर्डीवाल्याने डीव्हीडीचा धंदा बसल्यावर मोबाइलला स्क्रीनगार्ड लावून द्यायला घेतले. तोही सुखात आहे.

स्टीम सुरू झालं २००३ मध्ये. पुढच्याच वर्षी 'हाफ-लाइफ २' आला आणि तो खेळायचा तर स्टीम घ्यावंच लागेल अशी त्यांनी सोय करून ठेवली. नागपुरात ही बातमी पोचायला वेळ लागला आणि गेम पोचायला त्याहून जास्त, कारण आमच्याकडे इंटरनेट होतं ते मोजून मापून. बीएसएनएलच्या एका प्लॅनमध्ये मात्र रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डाउनलोड करा, मोफत, अशी उदार व्यवस्था होती. दोन एमबीपीएसच्या वेगाने सहा तासांत साडेपाच जीबीच्या आत काहीतरी उतरायचं, आणि तेही मधे लाइट गेली नाही तर. मी अलार्म लावून दोनला उठायचो. बाबा पाचला फिरायला निघत तेव्हा माझ्या खोलीत उजेड दिसे. त्या वर्षी त्यांनी नातेवाइकांत सगळीकडे सांगितलं की पोरगं पहाटे उठून अभ्यास करून राहिलं. पुढे निकाल लागला आणि पहाटेच्या अभ्यासावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला.

भाव तेव्हा डॉलरमध्ये असे. कार्ड वापरलं की बाबांच्या मोबाइलवर मेसेज जाई, कारण खातं जॉइंट होतं. 'अमेरिकेत तुयं काय काम आहे बे?' हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयात भाव लावले आणि घरातला परराष्ट्र व्यवहार संपला. शिवाय आपल्याकडचे भाव अमेरिकेहून बरेच कमी. त्यातून एक गंमत झाली. आयुष्यभर ज्याच्याकडून चॉकलेटं आणि परफ्यूम घेतले, तो न्यू जर्सीचा आतेभाऊ एक दिवस म्हणाला, 'अरे, तिकडे स्वस्त आहे ना, मला एक गेम गिफ्ट पाठव.' छाती फुगवून पाठवायला गेलो तर दुकान नाही म्हणालं: दोन देशांतल्या भावात फार फरक असेल तर गिफ्ट जात नाही. एनआरआयला उपकृत करण्याची घराण्यातली पहिली संधी तिथेच हुकली.

आता मुद्द्याचं. स्टीमचा समर सेल जूनच्या शेवटी लागतो. नागपूरच्या माणसाला हे नावच पटत नाही, कारण तोवर आमचा समर संपलेला असतो. खरा समर म्हणजे नवतपा, मेअखेरची ती होरपळ. त्या दिवसांत कॉम्प्युटरची कडेची पत्र्याची झाकणी काढून ठेवतात आणि त्या उघड्या बाजूसमोर टेबलफॅन लावतात. कूलर लावावा तर हवेतला ओलावा आत जातो, न लावावा तर खेळणारा वितळतो, आणि इन्व्हर्टर एकाच वेळी दोघांना जगवू शकत नाही. मे महिन्यात विदर्भात गेम खेळणं हा पराक्रम आहे, त्यामुळे सगळे नुसती यादी करतात. स्टीमवर तिला विशलिस्ट म्हणतात. जूनअखेर पाऊस पडतो, अंगाला वारा लागतो आणि मेल येतो: तुमच्या यादीतल्या इतक्या वस्तू सवलतीत. पंचाहत्तर टक्के सूट बघितली की जो गेम खेळायचा नव्हता तोही हात जोडून समोर उभा राहतो. गेम घेणं आणि गेम खेळणं हे दोन वेगळे छंद आहेत. माझा पहिला आहे. माझ्या खात्यात आज शंभरावर गेम आहेत आणि त्यातले बहुतेक मी इन्स्टॉलही केलेले नाहीत.

त्यात गुरुवार. एपिक नावाचं दुसरं दुकान २०१८ च्या डिसेंबरात उघडलं आणि ते गिऱ्हाईक वळवण्यासाठी दर गुरुवारी गेम फुकट देतं, आपल्याकडच्या रात्री साडेआठला. हिवाळ्यात साडेनऊ, कारण अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे सरकतात. आमच्या घरी गुरुवारी गजानन महाराजांची आरती होते आणि ती झाली की आई आठवण करते, 'तुयं ते फुकटचं घेतलं का?' गेम म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, पण फुकट वस्तू सोडू नये हे ठाऊक आहे. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये जीटीए फाइव्ह फुकट लावला तेव्हा जगभरातून एवढे लोक धावले की ते दुकानच काही तास आडवं झालं. तरी त्या रात्री मी आरतीचं कारण सांगून जेवायला उशिरा आलो.

बाबांना हे सारं थोतांड वाटायचं, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता. तो त्यांना कॅलिफोर्नियाने पुरवला. तिथे २०२४ मध्ये कायदा झाला: डिजिटल वस्तूवर 'विकत घ्या' असं लिहायचं असेल तर हा नुसता परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगा. अंमल १ जानेवारी २०२५ पासून. स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबरात, पैसे भरण्याच्या जागी तशी ओळ टाकली. ती ओळ मी बाबांना मराठीत सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच वाचली.

'म्हणजे मालकी नाही.'

'नाही बाबा. वापरायचा हक्क आहे.'

'मंग भोगवटा म्हण. वर्ग एक का वर्ग दोन?'

ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांच्यासाठी: वर्ग एकचा भोगवटादार आपली जमीन आपल्या मर्जीने विकू शकतो. वर्ग दोनची जमीन सरकारने काही अटींवर दिलेली असते, ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय हलत नाही. (शहरात सातबारा नसतो, आखीव पत्रिका असते, हे बाबांनी इथे मधेच सांगितलं. ते प्रत्येक संभाषणात सांगतात.)

'विकता येते?'

'नाही.'

'कलेक्टरची परवानगी काढून?'

'कलेक्टरच नाही बाबा.'

'बटईनं देता येते?'

'घरातल्या सहा जणांत मिळून वापरता येतात.'

'म्हणजे सामाईक खातं. आन् वारस?'

इथे मी घुटमळलो. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावे होत नाही, मृत्युपत्र केलं तरीही नाही. २०२४ मध्ये एका ग्राहकाने विचारलं तेव्हा त्यांच्याकडून तसंच उत्तर आलं होतं. ते ऐकून बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'वर्ग दोनच्या जमिनीलेही वारस लागते बे. गाव नमुना सहा-क कायले ठेवला सरकारनं? हे तं कुळाहूनही वाईट आहे.' माझ्या मरणाची कल्पना त्यांनी फार शांतपणे सोसली. फेरफार होणार नाही हे त्यांना सोसवलं नाही.

'जागा खाली करून मांगतेत का?'

मागतात. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला होता. तो पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर चाले. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि नंतर ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या खात्यातूनही गेम काढून घेतला गेला.

'एकतीस मार्च?' बाबा म्हणाले. 'मंग सरकारीच काम दिसते.'

वर्ग एकच्या जवळ जाणारा मालही मिळतो, तो त्या पोलंडवाल्यांकडे. गॉगवरून घेतलेला गेम पूर्ण उतरवून आपल्यापाशी ठेवता येतो. त्याला नंतर दुकान लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. मी एक जुना गेम घेऊन पेनड्राइव्हवर टाकून दाखवला. बाबांनी तो लिफाफ्यात घातला, वर तारीख आणि किंमत लिहिली आणि गोदरेजच्या कपाटात घराच्या खरेदीखताखाली ठेवून दिला. आता खेळायचा तर किल्ली मागावी लागते, आणि किल्ली देण्याआधी ते कारण विचारतात.

तरी बाबांची सहानुभूती मिळवण्याचा एक प्रयत्न मी केला. 'राजी' हा गेम दाखवला. देवांनी आणि राक्षसांनी भरलेला, २०२० मध्ये आलेला, आणि केला कोणी तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने. बाबांनी देवीला नमस्कार केला, मग विचारलं, 'पुण्याचा माल तू अमेरिकेच्या दुकानातून नागपूरले आणला?' मी म्हणालो, 'हो, आणि दुपारी दोन वाजता आणला.' पुण्याची वस्तू दुपारी दोनला विकत मिळाली यावर ते आजही विश्वास ठेवत नाहीत.

तेव्हा वाचकहो, येत्या जूनअखेर सेल लागेल, आपल्याकडच्या रात्री साडेदहाला, आणि तुम्ही घ्याल, कारण कोणीही घेतो. घ्या. पण घेतला की उघडा. स्टीमवर पैसे परत मिळतात ते घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तरच. हे दोन तास गेम चालू झाल्यापासून मोजतात, लढाई सुरू झाल्यापासून नाही. 'बाल्डर्स गेट ३'सारखा गेम घेतलात तर आपल्या माणसाचा चेहरा आणि केस ठरवण्यातच एक तास जातो. तेव्हा चेहरा जसा येईल तसा ठेवा आणि पुढे चला.