दोन भाल्यांचं घर

ऐन डिसेंबरात आमच्या क्रीडाशिक्षकांचा गुडघा धरला आणि भिलाईच्या आंतरशालेय मैदानी स्पर्धेला पथक नेण्याचं काम भूगोलाच्या मास्तरकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. निघताना त्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच नाही, ताडपत्री ठेवली. म्हणाले, "पोरं पळतात आपोआप. सावली तेवढी तुम्ही बघा."

नागपूर ते दुर्ग अडीचशेच्या वर किलोमीटर. सोबत चौदा मुलं आणि सरावाचे दोन भाले. भाले बर्थखाली शिरेनात, वाटेत आडवे आले. प्रत्येक चहावाला केटली सांभाळत अडथळ्यांची शर्यत पार करून गेला. टीसीने भाल्यांची टोकं न्याहाळली, मग मला न्याहाळलं आणि तिकीट न मागता पुढे सरकला. दरेकसाच्या बोगद्यात पोरांनी रीतसर बोंब ठोकली, डोंगरगडला बम्लेश्वरीच्या डोंगराकडे बघून हात जोडले. पदकाची सोय झाली, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

दुर्गला लागूनचं भिलाई म्हणजे सोव्हिएत मदतीने उभं राहिलेलं पोलादाचं गाव. इथली पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. अशी भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, मनात आलं म्हणून विझवता येत नाही. कारखान्यात 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. आमची शंभर मीटरची शर्यत एकाच रुळावर संपून वर थांबायला तीस मीटर उरतील! आणि अशा गावात मला ताडपत्री बांधायला खांब मिळेना.

शेवटी भाले जमिनीत रोवले. ताडपत्रीची दोन टोकं भाल्यांना बांधली, दोन कडुनिंबाला. जागा मी शास्त्रशुद्ध निवडली होती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणजे साडेनऊला झाडाची सावली वायव्येला. शंभर मीटरच्या हीट साडेनऊलाच होत्या.

साडेनऊला मैदानात चुन्याच्या रेषा होत्या आणि माइकवर 'हॅलो, हॅलो'. प्रमुख पाहुणे निघाले होते. ते अकरापर्यंत निघतच होते. तोवर सावली सरकत उत्तरेकडे गेली.

"सर, सावली पळून राहिली!" एक पोरगं ओरडलं. दिवसभरातली पहिली शर्यत तीच.

आम्ही बिऱ्हाड हलवलं. पाऊण तासाने पुन्हा हलवलं. भूगोल बरोबर होता, वेळापत्रक तेवढं पृथ्वीबरोबर फिरायला तयार नव्हतं. पावणेबाराला शंभर मीटरचा 'लास्ट कॉल' झाला आणि त्याच श्वासात लांब उडीचा. आमची एक मुलगी दोन्हींत. उडीच्या पंचांना सांगून धावायला जाता येतं, पण आपली पाळी आली तेव्हा जागेवर नसलं तर ती उडी 'पास' धरतात. ती तिकडे धावत होती, मी इकडे पंचांना तिचा चेस्ट नंबर आणि परिस्थिती समजावत होतो. तिला स्पाइक्स काढायलाही वेळ नव्हता. तिसऱ्या उडीला ती पोचली, एवढंच माझं कर्तृत्व.

जेमतेम डबे उघडले तर भालाफेकीची हाक आली. वेळापत्रकात ती दोन वाजता होती, साडेबारालाच पुकारली. उशिरा चालणारं वेळापत्रक लवकरही चालू शकतं, हे मला नवीन होतं. आमच्या दोन्ही भालाफेक्यांनी गुरुजनांचा विचार न करता सरावासाठी घराचे खांब उपटले. ताडपत्री वांग्याच्या भाजीसकट माझ्या अंगावर आली.

"या ना गुरुजी, इकडे या." शेजारच्या शामियान्यातून आवाज आला. राजनांदगावचे शिक्षक, घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी. त्यांनी बिछायतवाल्याकडून कनातीसकट मंडप आणला होता, खुर्च्या होत्या, पाण्याचा जार होता. मी ताडपत्रीतून डोकं काढून विचारलं, "एवढी तयारी?"

"दहा वर्षं झाली येतोय," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी आमच्याकडेही भालेच होते."

रिले झाली तेव्हा ऊन संपलं होतं. आम्ही चौथे आलो. बॅटन देताना कोणाचं काय चुकलं, यावर दुर्ग स्टेशनपर्यंत भांडण चाललं. फलाटावर थंडी मी म्हणत होती. ताडपत्री अंथरली, उरलेली अर्धी पोरांच्या अंगावर ओढली. अख्ख्या दिवसात ती पहिल्यांदा एका जागी राहिली. इतक्यात घोषणा झाली, गाडी पन्नास मिनिटं उशिराने.

ताडपत्रीखालून आमची लांब उडीवाली म्हणाली, "सर, हे पन्नास मिनिटं पक्के सांगून राहिले ना?"