कार्ड आलं, पण चित्र गेलं

ग्राफिक्स कार्ड बदलणं म्हणजे खरं तर पोरखेळ. बाजूचं झाकण काढा, स्क्रू सैल करा, स्लॉटच्या टोकाची खिटी दाबा, की जुनं कार्ड धुळीसकट हातात. दुखणं सुरू होतं ते कंपनी बदलली की. कार्ड निघतं, त्याचा ड्रायव्हर निघत नाही. भाडेकरू जागा सोडून गेला तरी दारावर पाटी त्याचीच, भिंतीत खिळे त्याचेच, आणि पोस्टमन पत्रंही त्याच्याच नावाची टाकतोय, अशातली गत.

आमच्या भाच्याने हौसेने दुसऱ्या कंपनीचं कार्ड आणून बसवलं. "मामा, बघा ना, सगळं केवढं मोठं दिसतंय!" विंडोजने तात्पुरता 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लावून दिला होता. हा ड्रायव्हर कुठल्याही कार्डावर निमूट चालतो, फक्त पडदा दिसण्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची नाही. आयकॉन मला चष्म्याशिवाय वाचता येत होते. मला तर तेच बरं वाटलं, पण माझं मत कोणी विचारलं नाही.

मग त्याने नवा ड्रायव्हर घातला. पडदा काळा झाला, परत आला, आणि गेम सुरू केला की पुन्हा काळा. जुना ड्रायव्हर कंट्रोल पॅनलमधून रीतसर काढला होता म्हणे. पण तसा काढला तरी रजिस्ट्रीतल्या नोंदी मागे राहू शकतात, 'ड्रायव्हरस्टोअर' फोल्डरात त्याची प्रतही राहू शकते. हे उरलंसुरलं दर वेळी नडतंच असं नाही. नडतं तेव्हा मात्र पुरतं नडतं. त्यात विंडोज अपडेटची समाजसेवा. तुम्ही नवा ड्रायव्हर घालत असता, तेवढ्यात ते आपल्याकडची जुनी आवृत्ती आणून बसवतं, न विचारता.

न विचारता काहीही होण्याची या धंद्याला सवयच आहे. एएमडीने 2006 साली एटीआय ही ग्राफिक्स कार्डवाली कंपनी विकत घेतली, तेव्हा एटीआयवाले बसल्या जागी एएमडीवाले झाले. एनव्हिडिया आणि एएमडी या दोघांत भर म्हणून 2022 साली इंटेलही 'आर्क' घेऊन उतरली. म्हणजे घोळ घालायला आता तिसरी वाट.

मागे उरलेल्या ड्रायव्हरवर जाणकारांचं औषध एकच : 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर', त्यांच्या तोंडी डीडीयू. फुकट मिळतं, सेफ मोडमध्ये चालवायचं. त्यात 'साफ करा आणि बंद करा' असं एक बटण आहे, आणि शेजारी खुलासा, नवं कार्ड बसवायचं असेल तर. एवढं नेमकं बटण करावं लागलं, यावरून किती जणांनी डोकं धरलं असेल ते समजून घ्या.

तेव्हा कार्ड बदलणार असाल तर नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, आणि डीडीयू चालवण्यापूर्वी इंटरनेट तोडा. एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर मॉनिटरची केबल बघा. बऱ्याचदा ती नव्या कार्डाऐवजी मदरबोर्डात खुपसलेली असते.