सेंटर जॉइंट 'बदलणाऱ्या' अज्ञात उस्तादांस खुले पत्र

राजमान्य राजश्री उस्ताद यांसी,



आपलं नाव मला ठाऊक नाही आणि गाडीच्या आधीच्या मालकांनाही आठवत नाही. "हायवेला एकाने करून दिलं होतं, फार झटपट माणूस," एवढाच आपला दाखला ते देतात. हरकत नाही. गाडी खड्ड्यावर घेऊन सायलेन्सर उतरवला की आपली सही ठिकठिकाणी सापडते, आणि हातोडीने केलेली सही सहसा पुसत नाही.

गाडी आपल्या लक्षात असेलच. डब्ल्यू 124 मर्सिडीज. 1995 साली पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, ती याच मॉडेलपासून. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांवर, आणि मधल्या अंतरात दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट. एकच लांब नळी घातली असती तर वेगात ती मधोमध वाकून झोके खाऊ लागली असती. म्हणून दोन तुकडे केले आणि मध्यावर एक बेअरिंग रबराच्या कड्यात बसवून गाडीच्या तळाला बोल्टने टांगलं. हाच सेंटर जॉइंट. ताशी 100 किलोमीटरला हा शाफ्ट मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो. त्याला जागेवर फिरू देणं हे बेअरिंगचं काम, आणि उरलीसुरली थरथर पत्र्यापर्यंत पोचू न देणं हे रबराचं.

आता रबर आहे म्हटल्यावर ते म्हातारं होणारच. शेजारून तापलेला सायलेन्सर जातो, खालून पावसाळ्याचं पाणी लागतं. एवढ्या जुन्या गाडीत सेंटर जॉइंट कधीतरी बदलावा लागतो, त्याचा दोष आपल्याला कोण देईल? तक्रार आहे ती आपण तो बदललात याचीच.

आपल्या हस्तस्पर्शानंतर गाडी पहिल्या गिअरात उचलली की सीटखाली धडधड व्हायची, आणि पन्नासच्या पुढे गेलं की तळातून घुमणारा सूर लागायचा. आधीच्या मालकांनी टायर बदलले, चाकांचं बॅलन्सिंग केलं, इंजिनचे माउंटिंग बदलले. आपल्यामुळे किती दुकानांत दिवाळी झाली, याची आपल्याला कल्पना नसेल. खरं तर निदान फुकटात होतं. उतारावर गाडी न्यूट्रल करायची. इंजिन मंद पडतं, तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच चढतो-उतरतो. म्हणजे इंजिन निर्दोष, रोग त्याच्या मागे. पण एवढं ऐकायला तोंड बंद करून गाडी चालवावी लागते.

मी गाडी ज्यांच्याकडे नेली ते 407 आणि मोठ्या ट्रकांवर वाढलेले मिस्त्री. ट्रकवाल्यांना सेंटर जॉइंटचं अप्रूप नसतं, आदर असतो. घाटात शाफ्ट सुटला तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांनी पुलर लावून आपलं बेअरिंग काढलं, बोटावर फिरवलं, कानाशी धरलं आणि म्हणाले, "साहेब, हे बसवलेलं नाही, ठोकून मारलेलं आहे."

बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर, म्हणजे कड्यावर, आपल्या हातोडीच्या खुणा चंद्रकोरीसारख्या रांगेने उमटल्या होत्या. उस्ताद, बेअरिंग शाफ्टला घट्ट धरतं ते आतल्या रेसने. म्हणून दाबायचं ते आतल्या रेसवर. बाहेरून ठोकलं की प्रत्येक घाव मधल्या गोळ्यांतून आत जातो, आणि गोळ्या ज्या खोबणीत धावायच्या तिथेच खड्डे पाडून बसतात. मग फिरताना दर खड्ड्याला गुरगुर. नवं बेअरिंग डबीतून बाहेर आलं आणि पहिल्या फेऱ्याआधीच गेलं. बारशालाच बारावं उरकलंत. यावरचा उपाय महागडा आहे असंही नाही. आतल्या रेसच्या मापाचा लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा. भंगारवाला तो तोलूनही देत नाही.

पण आपली खरी कला त्या मोठ्या नटावर दिसते. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकणाऱ्या दात्यांवर जोडलेले असतात आणि ती सरक बांधून टाकायला एक जाड नट असतो. त्याला चाळीस मिलिमीटरच्या पुढचे दोन पाने लागतात. आपल्याकडे ते नव्हते. छिन्नी होती. नटाच्या कडा आपण अशा कोरल्या आहेत की वेरूळच्या कारागिरांनी मान खाली घालावी. बरं, कोरायचाच होता तर वेळेवर तरी कोरायचा! हा नट शाफ्ट गाडीला जोडल्यावरच आवळतात. आधी शाफ्ट दोन्ही टोकांना जोडायचा, मधले बोल्ट हातानेच लावून ठेवायचे, गाडी पुढेमागे थोडी ढकलायची. शाफ्ट आपली लांबी स्वतः शोधतो. मग नट, मग मधले बोल्ट. आपण नट आधीच जाम केलात आणि उरलेली कमीजास्त रबराच्या गळ्यात मारलीत. ते बिचारं पहिल्या दिवसापासून गिअरबॉक्सच्या दिशेने ओढलेलं. एका अंगाला फाटून लोंबत होतं.

आणि खूण? शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर एक-एक टिंब मारायचं असतं, कारण बॅलन्स केलेला असतो तो जोडलेला शाफ्ट, सुटे तुकडे नव्हेत. आमच्या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी पंच उचलला. आपल्या काळातली खूण मात्र कुठेच सापडली नाही. बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवला तर शाफ्ट नाचायला लागला. एक तुकडा अर्धा फेरा फिरवून जोडला तेव्हा शांत झाला. म्हणजे बेअरिंग चांगलं बसवलं असतंत तरी या नाचाने ते खाऊनच टाकलं असतं. कामात एवढी सुसंगती क्वचित पाहायला मिळते.

टोकांच्या रबरी कपलिंगबद्दल थोडक्यात लिहितो. तिथे बोल्ट धरून नट फिरवतात. आपण नट धरून बोल्ट फिरवलात, त्यामुळे रबर पिळवटून त्याला चिरा गेल्या. लॉकिंगचे नट एकदा काढले की टाकून नवे घालायचे असतात. आपण जुनेच लावून वर पंचाचा एकेक ठोका दिलात. काटकसरीचे संस्कार.

राग अडाणीपणाचा नाही. शाळा न शिकताही हाताला समज असलेले मिस्त्री या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांना जे कळत नाही तिथे ते थांबतात, लेथवाल्याला विचारतात, गाडी उद्यावर ठेवतात. आपल्याला थांबता येत नाही, आणि गिऱ्हाईक नेमकं त्याचंच कौतुक करतं. आधीचे मालक अजूनही आपल्याला "झटपट माणूस" म्हणतात ते प्रेमानेच.

आता नवा जॉइंट बसला आहे, दोन्ही कपलिंग नवी आहेत, तो नटही नवा आहे. जुना माल आमच्या मिस्त्रींनी शिकाऊ पोरांना दाखवायला ठेवून घेतला. आपली कीर्ती पुढच्या पिढीत जाणार आहे.

कळावे,
आपला,
खड्ड्यातून वर बघणारं एक गिऱ्हाईक

ता. क. सायलेन्सरची धग अडवणारा जॉइंटवरचा पत्रा आपल्याकडेच राहिला आहे. बहुधा गॅरेजात चहाच्या शेगडीला आडोसा म्हणून लावला असेल. पत्ता कळवलात तर येऊन घेऊन जाईन. येताना पाइपाचा एक तुकडा आणतो, तो ठेवून घ्या.