माइक, तुझं खरं नाव काय रे?

कॅनडात बर्फ पडायला उशीर होतो, टोरांटोची बस उशिरा येते, स्पेशालिस्ट डॉक्टरांची तारीख पुढच्या ऋतूतली मिळते. वेळ पाळतो तो फक्त डक्टवाला. संध्याकाळी सहा वाजता इकडे कुकरची तिसरी शिट्टी होते आणि तिकडे फोन वाजतो. “हॅलो मॅडम, मी माइक बोलतोय, एअर डक्ट क्लीनिंगमधून. आमची माणसं या आठवड्यात तुमच्याच भागात आहेत.”

ही माणसं गेली कित्येक वर्षं आमच्याच भागात आहेत. मिसिसागात आहेत, ब्रॅम्प्टनमध्ये आहेत, कॅल्गरीतही आहेत. इतकी वर्षं सलग एका देशात काढल्यावर एखाद्याला नागरिकत्व मिळालं असतं. यांना अजून साधा व्हिसासुद्धा लागलेला नाही, कारण माइक बोलतो तो बहुधा तिसऱ्याच खंडातून.

सरकारनं हातपाय हलवले नाहीत असं म्हणता येणार नाही. दूरसंचार नियामकानं, म्हणजे सीआरटीसीनं, २००८ च्या सप्टेंबरात ‘फोन करू नका’ अशी एक राष्ट्रीय यादी सुरू केली. आपला नंबर त्या यादीत टाकला की विक्रेत्यांनी तुम्हाला छळायचं नाही. तरी छळलंच, तर कंपनीला एकेका फोनमागे १५,००० डॉलरपर्यंत दंड. डक्टवाल्या कंपन्यांना असे दंड झालेही आहेत. धर्मादाय संस्था, राजकीय पक्ष आणि वर्गणीदार शोधणारी वर्तमानपत्रं यांना मात्र या नियमातून सूट आहे. यातल्या तिसऱ्या सवलतीबद्दल या सदराची काहीही तक्रार नाही.

दंड करायचा तर आधी माणूस सापडायला हवा. माइकचा नंबर रोज नवा. स्क्रीनवर तो आपल्याच गल्लीतल्यासारखा दिसतो, त्यामुळे शेजारच्या काकूंचा असेल म्हणून आपण उचलतो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून फोन कंपन्यांना नंबर पडताळणारं तंत्र बसवावं लागलं. माइकनं ते मनाला लावून घेतलेलं दिसत नाही.

तिकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, वाचकांना आधी हे डक्ट प्रकरण सांगायला हवं. तुमच्याकडे भिंतीवर एसीचं एक खोकं असतं आणि ते फार तर त्या एका खोलीची जबाबदारी घेतं. इथे तळघरात फर्नेस नावाचा एक दैत्य बसलेला असतो. हिवाळ्यात तो गॅस जाळून हवा तापवतो, उन्हाळ्यात त्याच्याच डोक्यावर बसवलेली कॉइल ती हवा गार करते. मग पत्र्याच्या नळकांड्यांतून ती हवा भिंतींच्या आतून, जमिनीखालून सगळ्या खोल्यांत जाते आणि दुसऱ्या नळकांड्यांतून परत फर्नेसकडे येते. घराची आतडीच म्हणा. ती कुणी पाहिलेली नसतात, आणि सगळा धंदा याच एका गोष्टीवर चालतो. छपराला भोक पडलं तर दिसतं, नळ गळला तर ऐकू येतं. डक्टच्या आत काय आहे याबद्दल आपण सगळे माइकच्या शब्दावर अवलंबून.

हॉलिवूडनंही यात हात धुऊन घेतलेत. ‘डाय हार्ड’मध्ये १९८८ साली ब्रूस विलिस डक्टमधून सरपटत गेला, तेव्हापासून लोकांच्या मनात डक्ट म्हणजे एखादा माणूस आरामात मावेल असा बोगदा. खोल्यांकडे जाणारी घरातली नळी बहुतेक वेळा सहा इंचांची असते. तिच्यातून ब्रूस विलिसची बनियनही सरपटत जाणार नाही.

आमच्या एका स्नेह्याच्या आई सांगलीहून सुपर व्हिसावर मिसिसागाला आल्यात. सहा वाजता घरात बाकी कुणाला सवड नसते, म्हणून फोन त्याच उचलतात. त्यांचं आणि माइकचं संभाषण थोडं इंग्रजीत, बरंचसं हिंदीत झालं. ते आम्ही स्पीकरवर ऐकलं, ते असं:

“मॅडम, तुमचे डक्ट शेवटचे कधी साफ केले?”

“मी घरात रोज केर काढते.”

“तो केर नाही मॅडम. भिंतीच्या आतला.”

“भिंतीच्या आतला केर तुला तिथनं दिसला?”

माइक अडखळला. त्याच्यासमोरच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर नसावं. मग त्यानं ठेवणीतलं काढलं. आत जंतू असतात, बुरशी असते, नातवंडांना दमा होतो. आजीच्या वयाच्या बाईला नातवंडांचा दमा ऐकवायचा, हे कागद लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं. सांगली मात्र त्याला ठाऊक नव्हती.

“तुझं खरं नाव काय रे?”

पलीकडे शांतता.

“बरं, नाव राहू दे. तिकडं किती वाजलेत?”

“साडेतीन, आंटीजी.”

“रात्रीचे? मग झोप की रे बाळा. धूळ काय पळून जात नाही. सकाळी बघू.”

फोन माइकनंच ठेवला. विक्रेत्यानं स्वतः होऊन फोन ठेवल्याचं दुसरं उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही.

आई हरल्या नाहीत, मुलगा हरला. मुलगा इंजिनिअर आहे. इंजिनिअरला फसवणं तसं सोपं असतं, त्याला नुसती आकृती दाखवायची. पुढच्या आठवड्यात त्याला आकृतीसकट ईमेल आलं. अख्ख्या घराचं काम १२९ डॉलरमध्ये, वाटेल तितके व्हेंट, म्हणजे खोल्यांत उघडणारी डक्टची तोंडं, आणि ऑफर शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी दोन पोरं आली. हातात व्हॅक्यूम क्लीनर, तोही घरात गालिच्यासाठी असतो त्याच्यापेक्षा जरासाच थोराड. दहा मिनिटांत एक पोरगा तळघरातून गंभीर चेहऱ्यानं वर आला आणि त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत नळीच्या तोंडाशी काळीकुट्ट बुरशी. पण नळीच्या मागे निळ्या फुलांची फरशी दिसत होती, आणि यांच्या तळघरात फरशीच नाही, नुसतं सिमेंट. आईंनी ते मराठीत सांगितलं. मुलगा इंग्रजीत घाबरलेला होता, त्याच्या कानावर काही गेलं नाही.

मग बुरशीचा उपचार आला, जंतुनाशक फवारा आला, फर्नेसच्या पंख्याची सफाई आली. परतीची नळकांडी १२९ मध्ये धरलेली नव्हती, त्यांचे वेगळे. बिल ६४० डॉलर झालं. पाऊण तासात पोरं गेली. घराला संध्याकाळपर्यंत लिंबाच्या गोळीचा वास येत होता आणि मुलगा पुनःपुन्हा नाक वर करून म्हणत होता, “बघ, हवा किती हलकी झाली!”

ही युक्ती मराठी माणसाला परकी नाही. ठाण्या-पुण्यात एसीचा मेकॅनिक स्टुलावर चढायच्या आधीच सांगतो, “साहेब, गॅस कमी झालाय.” एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, गळती असेल तरच कमी होतो. तरी दरवर्षी तो संपतो आणि दरवर्षी आपण भरून घेतो.

आता हे डक्ट साफ केल्यानं होतं तरी काय? कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेनं, सीएमएचसीनं, खऱ्याखुऱ्या घरांतले डक्ट साफ करून घेतले आणि आधी-नंतरची हवा मोजली. हवेतल्या कणांत आणि हवेच्या प्रवाहात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, १९९७ साली यावर एक पुस्तिकाच काढली. तिचं सार असं, की डक्ट साफ केल्यानं आजार टळतात हे कधी सिद्ध झालेलं नाही. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसलेली असते, ती घरात यायच्या भानगडीत पडत नाही. आत बुरशी डोळ्यांनी दिसत असेल, उंदीर-किड्यांनी बिऱ्हाड केलं असेल किंवा इतका कचरा तुंबला असेल की व्हेंटमधून तो बाहेर येतोय, तर साफ करा. दर दोन वर्षांनी करा, असं ही खाती म्हणत नाहीत. ते माइक म्हणतो.

खऱ्या कारागिराचा अपमान करायचा आमचा हेतू नाही. तोही आहे, आणि तो सहा वाजता फोन करत नाही. त्याच्या ट्रकवरच भलंमोठं व्हॅक्यूम असतं. फर्नेसजवळच्या मुख्य पत्र्याला तो एक गोल भोक पाडतो, तिथे हत्तीच्या सोंडेएवढा पाइप लावतो, सगळे व्हेंट झाकतो आणि अख्ख्या यंत्रणेतली हवा उलटी ओढून घेतो. मग एकेक व्हेंट उघडून आत दाबाच्या हवेची वळवळती नळी सोडतो, की चिकटलेलं सगळं सुटून सोंडेकडे यावं. शेवटी पाडलेलं भोक नीट बंद करतो. कामाला तीन-चार तास लागतात, आणि एका यंत्रणेला ४५० ते १,००० डॉलर, असा अंदाज ईपीएनंच दिलाय. म्हणजे १२९ डॉलरमध्ये काय होतं? दोन पोरं येतात आणि जातात.

नव्या घरात तर त्याला जरूर बोलवावं. बांधकामाच्या वेळी जमिनीतले व्हेंट उघडेच असतात, आणि मजुरांना ती सोयीची कचराकुंडी वाटते. लाकडाचा भुसा, जिप्समचे तुकडे, खिळे, कॉफीचे कप, सगळं आत जातं. पुढे आपण राहायला येतो आणि त्यात लेगोचे ठोकळे, हेअरपिना आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सांडलेले तांदूळ घालतो. शंभर वर्षांनी कुणी उत्खनन केलं तर मिसिसागातली मराठी वस्ती याच थरात सापडेल.

एक गंमत मात्र राहून चालणार नाही. डक्ट टेप नावाची करड्या रंगाची एक चिकटपट्टी असते. ती सुटकेसपासून चष्म्यापर्यंत काहीही जोडते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं १९९८ मध्ये तऱ्हेतऱ्हेच्या पट्ट्या डक्टच्या सांध्यांना लावून तापवून बघितल्या. डक्टवर न टिकणारी म्हणून जी नापास झाली, ती नेमकी हीच. अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेच्या हिशेबानं साधारण घरात डक्टमधली वीस ते तीस टक्के हवा फटींतून वाया जाते. म्हणजे तुम्ही पैसे देऊन तापवलेली हवा पोटमाळ्यावरच्या खारींना मिळते. ते सांधे मॅस्टिकचा लेप देऊन बुजवायचं काम धुळीपेक्षा कितीतरी गरजेचं. त्यासाठी तुम्हाला कधी फोन आलाय? गळतीत बुरशीसारखं नाट्य नाही. तिचा फोटो येत नाही.

ज्यासाठी कुणी फोन करत नाही अशी आणखी बरीच कामं घरात पडलेली असतात. नव्या घरांत एचआरव्ही नावाची एक पेटी असते. ती घरातली शिळी हवा बाहेर टाकते आणि जाता जाता तिची ऊब काढून आत येणाऱ्या ताज्या हवेला देते. तिच्या जाळ्या दर दोन-तीन महिन्यांनी धुवायच्या असतात. ही पेटी आपल्या घरात आहे, हे अनेकांना घर विकताना कळतं. कपड्यांच्या ड्रायरची नळी तर त्याहून उपेक्षित. तिच्यात लिंट साठते, कापसासारखी मऊ आणि पेटायला तयार. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या काळासाठी दिलेला आकडा वर्षाला सुमारे २,९०० ड्रायरच्या आगींचा आहे, आणि त्यांचं पहिलं कारण म्हणजे साफसफाई न करणं. आग लावणारी नळी अस्वच्छ आणि निरुपद्रवी नळी लखलखीत, अशी आमच्या घरांची वाटणी आहे.

आणि हवा खरोखर बिघडवतं कोण? २०१८ च्या जूनमध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या एका चाचणीघरात शास्त्रज्ञांनी थँक्सगिव्हिंगचं साग्रसंगीत जेवण रांधलं आणि हवा मोजली. सूक्ष्म कण जगातल्या अतिप्रदूषित शहरांच्या पंक्तीला जाऊन बसले. त्या टर्कीला तर बिचारीला फोडणीसुद्धा नव्हती. आमच्याकडे मिरच्या भाजायला घेतल्या की धुराचा अलार्म वाजतो, मग एकजण त्याच्याखाली उभा राहून टॉवेल फिरवतो. ओट्यावर जो मायक्रोवेव्ह-कम-पंखा असतो, तो अनेक घरांत धूर खालून ओढतो आणि वरच्या जाळीतून आपल्याच कपाळावर सोडतो. त्याचं तोंड बाहेर काढून घ्या, असं आम्ही आमच्या स्नेह्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, भिंत फोडावी लागेल, उगाच खर्च.

परवा आम्ही त्याच्या तळघरात उतरलो आणि फर्नेसचा फिल्टर ओढून बघितला. सोळा बाय पंचवीस इंचांची, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली ही घडीदार जाळी. धूळ अडवायचं काम खरं तर हीच करते, आणि एक ते तीन महिन्यांत ती बदलायची असते. याच्या फिल्टरवर राखाडी लोकरीचा जाड थर होता, मधून मांजराचे केस. आमच्या स्नेह्याकडे मांजर नाही. म्हणजे घराच्या आधीच्या मालकाच्या वेळचा असणार.

“अरे, ६४० डॉलर देऊन डक्ट साफ केलेस, मग हा नाही बदललास?”

“बदलणार आहे ना. चांगला फिल्टर तीस डॉलरला पडतो. कॉस्टकोत सेल लागला की एकदम चार आणतो.”

“तोवर?”

“तोवर हाच उलटा करून लावणारे. मागची बाजू अजून कोरी आहे.”