बसला तो फसला

आमच्या शारजातल्या इमारतीत एक दादा आहेत. एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतात. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघतात, विमान पकडायला चार तास आधी पोहोचतात, आणि लिफ्टमध्ये सात माणसांची पाटी असेल तर आठव्याला हात जोडून बाहेर ठेवतात. हाच माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठतो, हत्ताच्या रस्त्याला लागतो आणि अल बदायरच्या तांबड्या वाळूच्या डोंगरासमोर उभा राहून नवख्या पोरांवर ओरडतो, "रेस सोडू नकोस लेका! बसला तो फसला!"

असे दादा आखातात इमारतीगणिक सापडतील. मूळ गाव बार्शी, कराड, फलटण असं काहीतरी. गाडी शिकले ती वडिलांच्या बजाज स्कूटरवर, उजवा पाय कायम ब्रेकवर ठेवून. चाळिशी उलटल्यावर कुणीतरी एकदा मोटरसायकलवर वाळूत नेलं, आणि तिथे कळलं की आजवर शिकलेलं सगळं उलटं आहे. वाळूत पुढचा ब्रेक दाबला की चाक रुततं आणि माणूस हॅंडलवरून पुढे जातो. घाबरून रेस सोडली की गाडीचं नाक खाली जातं. सीटवर बसून राहिलं तर पुढचं चाक वाट्टेल तिकडे फिरतं. म्हणून पायदानावर उभं राहायचं, वजन मागे, गुडघे सैल, नजर लांब, आणि रेस चालू. हे सगळं दादांना तोंडपाठ आहे. अडचण एवढीच की ते दादांच्या गुडघ्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

शिकवणी मात्र अव्वल. नाशिकचा एक नवा इंजिनिअर मुलगा दादांकडे जेवायला आला, तर पहिल्या भाताबरोबरच वर्ग सुरू. ताटात भाताचा ढीग रचला. "हे बघ, वारा इकडून येतो. ही बाजू निवांत चढाची, दाबून बसलेली. इथून चढायचं. पलीकडची बाजू म्हणजे घसरण, चौतीस अंशांची. तिथली वाळू नुसती वरून ओतलेली असते." मग ढिगाच्या एका बाजूवर वरण सोडलं. "आणि ही पहाटेची वाळू. दव पडलेलं असतं, चाक धरते. दहा वाजले की सगळं भुसभुशीत." वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याला जेवू द्या आधी." पण दादा तोवर तुपाच्या वाटीकडे वळले होते.

दादांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायचं यंत्र असतं. वाळूत उतरण्याआधी हवा दहा-बारा पौंडांवर आणायची, म्हणजे टायर पसरतं आणि रुतत नाही. हा नेम त्यांना इतका प्रिय आहे की मित्राच्या मुलीच्या साखरपुड्यात पार्किंगमधल्या गाड्यांची हवाही त्यांनी मोजून घेतली होती.

जानेवारीत डाकार रॅली सुरू झाली की दादा घरात फक्त शरीराने असतात. २०२० पासून ती सौदी अरेबियात होते, म्हणजे त्यांच्या मते जवळजवळ शेजारच्या गल्लीत. २०१५ साली सी. एस. संतोषने पहिल्यांदा भारतीय म्हणून ती पुरी केली, हे ते कुणालाही सांगतात. पेट्रोल भरणाऱ्या पोरालाही. २०२४ मध्ये हॅरिथ नोआ रॅली-२ गटात पहिला आला, तेव्हा मजल्यावर पेढे वाटले. मी म्हटलं, "दादा, तो केरळचा ना?" "किनारा एकच आहे," दादा म्हणाले. "कोकणाच्या जरा पुढे, इतकंच."

आता त्यांचा सर्वांत आवडता नियम. टेकडीच्या माथ्यावरून आंधळी उडी मारायची नाही. पलीकडे कुणी पडलेलं असू शकतं. माथ्याशी रेस कमी करायची, पलीकडे डोकवायचं, मगच उतरायचं. गाडीला उंच झेंडा लावतात तोही यासाठीच. हे पंधरा मिनिटं समजावून दादा स्वतः करून दाखवायला निघाले. चढ सुरेख घेतला. माथ्यावर रेस कमी केली, जरा जास्तच कमी केली, आणि गाडी पोटावर टेकून अडकली. पुढचं चाक पलीकडे हवेत, मागचं अलीकडे हवेत, मधे दादा, वर झेंडा. आम्ही खालून हाका मारतोय, तर शांतपणे हात हलवून म्हणाले, "दृश्य बघतोय."

पण एक गोष्ट खरी. कुणाची गाडी आसापर्यंत रुतली की सगळ्यांच्या आधी तिथे दादा पोहोचतात, बहुधा पायी. गडी घाबरून रेस पिळत असतो आणि चाक आणखी खोल जात असतं. दादा आधी त्याला इंजिन बंद करायला लावतात, पाणी पाजतात. मग दोघं मिळून गाडी आडवी करतात, चाकाने खणलेला खड्डा हातांनी वाळू ढकलून बुजवतात आणि गाडी पुन्हा उभी करतात. शंभर किलोच्या वरचं धूड आहे ते; उन्हात दोनदा उचललं की तरणा माणूसही बसतो. दादा उचलत राहतात. त्या वेळी एकदाही नियम सांगत नाहीत. डब्यातलं थालीपीठ पुढे करतात, आणि पोराचं खाऊन झालं की मगच म्हणतात, "सांगितलं होतं ना, बसला तो फसला?"

सोमवारी ऑफिसात लंगडत जातात. कुणी विचारलं तर "जिना" म्हणतात. घरी वहिनींनाही जिनाच सांगतात, आणि त्या कपड्यांतली वाळू झटकत "बरं" म्हणतात.

तुम्हाला कधी हे शिकायची हुक्की आली तर ऑक्टोबर ते मार्चमध्ये या. बूट आणि हेल्मेट यांत कंजुषी करू नका, एकट्याने वाळूत उतरू नका, आणि गाडी दादांच्या मागेच ठेवा. वाळू नेमकी कुठे मऊ आहे, ते पुढे बघितलं की लगेच कळतं.